अब्बासभाईंची हलकी काडतुसं

अब्बासभाई हमदुले तसे अबोल गृहस्थ. पण बंदुकीच्या काडतुसाला कोणी ‘गोळी’ म्हटलं की त्यांना राहवत नसे. "गोली म्हंजे फकत पुढचा तुकडा. मागं पितलेची पुंगली, तिच्या बुडाला ठिणगीचा प्रायमर, पोटात दारू आन् तोंडावर गोली. सगला मिलून काडतूस," असं ते ऐकवत, मग समोर शाळेतलं पोर असो की क्लबचा मॅनेजर. त्यांच्या बायकोला, नूरीला, याची फार मजा वाटे. जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाचं उभं आयुष्य दारू तोलण्यात चाललंय, असं ती पाहुण्यांना सांगायची आणि त्यांचे चेहरे बघून झाले की सावकाश खुलासा करायची.

अब्बासभाई मूळचे श्रीवर्धनच्या बाजूचे. तिथे मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या दाऊदमामूंच्या शेडमध्ये ते लेथ शिकले. मामू नात्यातले नव्हते, पण सगळं गाव त्यांना मामूच म्हणे. लोखंडाला घाई चालत नाही, हे त्यांनी अब्बासला शब्दांनी कमी आणि टपलीनं जास्त शिकवलं. पुढे अब्बासभाई कतारमध्ये, दोह्यात एका कंपनीत टर्नर म्हणून आले, आणि पाच-सहा वर्षांत कंपनीलाच टाळं लागलं. परत जायची बॅग भरून झाली होती. तेवढ्यात एक कतरी गृहस्थ आपल्या रायफलचा तुटलेला भाग घेऊन गल्लोगल्ली फिरत होते, ते कोणाच्या तरी सांगण्यावरून यांच्याकडे आले. अब्बासभाईंनी तो भाग लेथवर असा घडवून दिला की गृहस्थ बघतच राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अब्बासभाईंना दोह्याबाहेरच्या आपल्या नेमबाजी क्लबमध्ये नेलं, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, स्वतःच्या जबाबदारीवर करून दिला आणि मागच्या कारखान्यातलं एक टेबल दाखवून म्हणाले, "ये तुम्हारा. यल्ला."

हेच बू घानेम. घानेमचा बाप म्हणून बू घानेम. खरं नाव वापरायची कोणावर वेळच येत नाही. गेली वीसेक वर्षं अब्बासभाई त्या टेबलावर सभासदांच्या शिकारी रायफली दुरुस्त करतात आणि ज्यांना बाजारातलं काडतूस मानवत नाही, त्यांच्यासाठी हातानं काडतुसं भरून देतात. साठी उलटल्यावरही इकामा दर वेळी नवा होतो, तो बू घानेमच्या सहीमुळे. रोजच्या नमाजानंतर अब्बासभाईंच्या दुआत आईबापांपाठोपाठ बू घानेमचं नाव येतं, एवढं सांगितलं की पुरे.

यंदा बू घानेमचा उजवा खांदा डॉक्टरांनी उघडून पुन्हा शिवला. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह रायफल आहे. दर हिवाळ्यात ती घेऊन ते नामिबियाला शिकारीला जातात. तिचा धक्का धडधाकट माणसाला दोन पावलं मागे सारील असा. डॉक्टरांनी तिचं नावही काढायचं नाही म्हणून बजावलं. आणि नेमकी याच वर्षी त्यांची मुलगी नूफ, शहरातल्या वेस्ट बे भागातल्या ऑफिसातून रजा काढून, प्रथमच त्यांच्याबरोबर निघाली होती. आजोबांची रायफल तिला चालवायची होती आणि बापाला ती शिकवायची होती. बू घानेम कारखान्यात येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "अब्बास, ये कंधा खलास."

अब्बासभाईंनी रायफल हातात घेतली, खांद्याला लावून पाहिली, खाली ठेवली. "खलास नहीं, अरबाब. गोली हलका करेंगे."

उपाय जुनाच होता. नेहमीच्या वजनदार गोळीऐवजी हलकी गोळी घ्यायची, तिच्यामागे वेगळ्या जातीची दारू, तीही थोडी. गोळी हलकी, दारू कमी, म्हणजे धक्काही मवाळ. अशा गोळीनं रानरेडा मारता येत नाही; पण हरणापुरती ती भरपूर होते. हलक्या गोळ्या मागवल्या, त्या कागदपत्रांच्या वाटेनं रखडत एकदाच्या आल्या. अब्बासभाईंनी थोडी थोडी भरून, उडवून, नेम बघून, मनासारखं माप बसवलं. बू घानेमनी दोन बार काढले आणि खांदा चोळायचं विसरून हसत सुटले.

या कामात एकच खोडा असतो. दारू कमी, म्हणून पुंगळी निम्मी रिकामी राहते. नेहमीच्या भरण्यात चुकून दुसऱ्यांदा दारू ओतली तर ती तोंडातून सांडते आणि चूक आपोआप कळते. इथे दुप्पट दारूही मुकाट आत मावते. वर गोळी बसली की मायबापालाही ओळखू यायचं नाही. आणि असलं काडतूस उडालं तर रायफल चालवणाऱ्याच्या गालापाशी फुटू शकते. म्हणून अब्बासभाईंचा शिरस्ता होता: फोन बाहेरच्या खणात, पुंगळ्यांचा ट्रे अर्धवट सोडून उठायचं नाही, अजान जवळ आली असेल तर ट्रे सुरूच करायचा नाही, आणि दारू ओतून झाली की गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावायचं.

नामिबियाला न्यायची काडतुसं भरायला ते बसले, त्या सकाळी दारात इकबाल उभा राहिला. इकबाल त्यांच्याच गावचा, कतारच्या पार उत्तर टोकाला, अल रुवैसला बोटींच्या सामानाच्या दुकानात असतो. या गाववाल्यांत एक रीत आहे. गावात कोणी गेलं तर त्याची बातमी फोनवरून सांगायची नाही. कोणीतरी जातीनं जायचं, समोर उभं राहून सांगायचं आणि तिथेच दोघांनी हात उचलून गेलेल्यासाठी फातिहा वाचायची. परमुलखात माणसानं एकट्यानं बातमी ऐकू नये म्हणून ही रीत. इकबाल एवढ्या लांबून गाडी हाकत आला, तो त्यासाठीच.

"अब्बासभाई, दाऊदमामू गेले. सकालच्या नमाजला उठले नायत."

अब्बासभाई उठले. ट्रे अर्धा भरला होता, ते उठले. दोघांनी फातिहा वाचली, तोंडावरून हात फिरवले. इकबालला पुढे आणखी दोन घरी जायचं होतं, तो गेला. अब्बासभाई परत बसले आणि हात आपोआप चालू लागले. डोळ्यांपुढे शेड होती, इंजिनाच्या तेलाचा वास होता, मामूंची टपली होती. दुपारपर्यंत काडतुसं डब्यात गेली आणि बू घानेमचा ड्रायव्हर डबा घेऊन गेला.

संध्याकाळी मदिनत खलीफा भागातल्या घरी पोचल्यावर ते गाडीतून भाजी उतरवत होते, तर सीटखाली काहीतरी घरंगळलं. टॉर्च. आदल्या दिवशी टायर बघायला म्हणून त्यांनी ती गाडीत आणली होती आणि ती गाडीतच राहिली होती. म्हणजे आज ती कारखान्यात नव्हतीच.

अब्बासभाई तिथेच फुटपाथवर बसले. एकाही पुंगळीत त्यांनी डोकावून पाहिलं नव्हतं. उठले तेव्हा कुठल्या पुंगळीपर्यंत आले होते आणि परत कुठून सुरू केलं, यातलं काही म्हणता काही आठवेना. तयार काडतूस तोलून पाहावं, तर पुंगळ्यांच्याच वजनात एवढा फरक असतो की तराजू काही सांगत नाही.

नूरी दाराशी आली. "अवो, काय झाला? मामूंचा वाईट वाटतंय?"

त्यांनी सांगितलं. क्लबचा नियम दोघांनाही ठाऊक होता: काडतुसात चूक केलेल्या माणसाला परत भरायला बसवत नाहीत. टेबल गेलं की काम गेलं, आणि काम नसलेल्या साठीच्या माणसासाठी बू घानेमनी तरी सही का करावी? त्यांच्याच मुलीच्या गालाशी जी रायफल लागणार, तिच्यात यांनी काय भरलंय ते यांनाच माहीत नव्हतं. नूरीनं क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन त्यांचा इस्त्रीचा शर्ट घेऊन आली. "ह्यो घाला नि जा. परत गेलो गावाला तर जाव. तिथं पण भातच खातात."

बू घानेमचं घर तिथून चार गल्ल्या पलीकडे. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या दालनात, पाहुणे बसले होते, मधोमध खजूर आणि कहवा. अब्बासभाईंना बघताच बू घानेमनी हात पसरले आणि सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, हाच तो माणूस, ज्याच्यामुळे माझा खांदा परत आला. त्यांनी स्वतः उठून कहव्याची वाटी पुढे केली. अब्बासभाईंनी ती घेतली नाही. मजलिसमध्ये कहवा नाकारणं म्हणजे काहीतरी मागणं पुढे येणार, हे तिथल्या पोराटोरालाही कळतं.

"अरबाब, वो कारतूस वापस दो. मेरे से गलती हुआ."

त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. बातमी, फातिहा, टॉर्च. एकही गोष्ट गाळली नाही. बू घानेम ऐकत राहिले. मग आत जाऊन तिजोरीतला डबा घेऊन आले आणि तो अब्बासभाईंच्या हातात देण्याऐवजी स्वतःच्या मांडीवर ठेवून बसले.

"कल सुबह," ते म्हणाले. "हम आयेगा. नूफ भी आयेगा." आणि मग, "तुम्हारा उस्ताद था?"

अब्बासभाईंनी मान हलवली. बू घानेमनी दोन्ही हात उचलले. त्यांच्याबरोबर सगळ्या पाहुण्यांनी उचलले, आणि श्रीवर्धनच्या बाजूच्या एका इंजिनवाल्या मामूंसाठी दोह्यातल्या मजलिसमध्ये फातिहा वाचली गेली. त्यानंतर कहव्याची वाटी परत पुढे आली. या वेळी अब्बासभाईंनी ती घेतली.

सकाळी कारखान्यात मॅनेजर आधीच येऊन उभा होता, कारण अब्बासभाईंनी त्यालाही रात्रीच कळवून टाकलं होतं. नूफ स्टुलावर, बू घानेम तिच्या मागे. अब्बासभाई एकेक काडतूस चिमट्याच्या दांड्याखाली धरून गोळी उपसत, दारू तराजूच्या पारड्यात ओतत. बरोबर. पुढचं. बरोबर. नूफ हळूच बापाकडे बघून हसली. उगाच घाबरलो, असा तिचा चेहरा. बरीच काडतुसं तशीच निघाली. मग एकाची दारू ओतली तेव्हा पुंगळीतून धार संपेचना आणि पारडं खटकन खाली बसलं.

नूफचा हात आपल्या उजव्या गालावर गेला आणि तिथेच राहिला. बू घानेम पारड्याकडे बघत होते. "अल्हम्दुलिल्लाह," ते इतक्या हळू म्हणाले की ते त्यांनी स्वतःलाच सांगितलं असावं.

मॅनेजरनं घसा साफ केला. नियमाप्रमाणे टेबल बंद करावं लागेल, चौकशी होईल, असं म्हणत त्यानं कारखान्याच्या किल्ल्या उचलून खिशात टाकल्या. त्याचं काही चुकत नव्हतं. अब्बासभाई हात पुसून उठूही लागले. बू घानेमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. मग बाहेर जाऊन चहाच्या टपरीवरची पांढरी प्लास्टिकची खुर्ची स्वतः उचलून आणली, ती कारखान्याच्या दाराबाहेर मांडली आणि कडक इस्त्रीचा पायघोळ थोब सावरत तिच्यावर बसले. "अब्बास, फिर से भरो. इधर से कोई नहीं आयेगा." मग मॅनेजरकडे वळून, "गलती आदमी का नहीं. दरवाजा का है. दरवाजा पे कोई नहीं था."

त्या दिवशी क्लबच्या लोकांनी एक नवल बघितलं. ज्यांच्यासाठी फाटक आपोआप उघडतं ते बू घानेम तळपत्या उन्हात दरवान होऊन बसले होते. कुरियरवाल्याला परत पाठवत होते, चहावाल्याला परत पाठवत होते. त्यांचा स्वतःचा धाकटा भाऊ काहीतरी विचारायला आला, त्यालाही बोटानं हाकललं. आत अब्बासभाईंनी दारू ओतली, आणि टॉर्च त्यांनी उचलायच्या आत नूफनं उचलली. "अंकल, मैं भी देखूँगी." आधी त्यांनी प्रत्येक पुंगळीत डोकावलं, मग तिनं.

काडतुसं घेऊन सगळे रेंजवर गेले. नव्यानं भरलेलं पहिलं काडतूस भरणाऱ्यानंच उडवायचं असतं; आपल्या कामाची हमी आपल्या गालानं द्यायची. अब्बासभाई आवाज अडवणाऱ्या कानपट्ट्या चढवून रायफलकडे वळले, तर बू घानेम आधीच बाकावर बसले होते. रायफल त्यांनी शिवलेल्या खांद्याला लावली होती आणि गाल लाकडावर टेकवला होता.

"अरबाब, नहीं! पहले मैं," अब्बासभाई ओरडले.

बू घानेमनी मान वळवली नाही. "अब्बास," ते म्हणाले, "चुप."

बार झाला. कागदाच्या मधोमध भोक पडलं. बू घानेमनी पुंगळी काढून खाली टाकली, रायफल उघडी करून मुलीच्या हातात दिली आणि जागा सोडून उठले. नूफ बसली, तिनं गाल टेकवला. अब्बासभाईंना पुढचा बार दिसला नाही, डोळे भरून आले होते. तोंडानं ते काय पुटपुटत होते ते कानपट्ट्यांमुळे कोणाला ऐकू आलं नाही. शेजारी उभ्या मॅनेजरला फक्त ओठ हलताना दिसले. त्यानं कारखान्याच्या किल्ल्या खिशातून काढल्या आणि अब्बासभाईंच्या हातात परत ठेवल्या.