काळ्या पाटीची गाडी

चहा आधी संपवा, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. तुम्ही हसाल, मला माहीत आहे. हसा खुशाल. मलाच अजून हसू येत नाही, एवढंच. अहो, फजिती कोणाची होत नाही? पण माझ्यासारखी व्हायला न्यूझीलंडचं लायसन आणि कर्जतची भाड्याची गाडी एकाच माणसाच्या हातात यावी लागते, आणि त्या माणसाची अक्कल कुठेतरी गहाण पडलेली असावी लागते.

मी बारा वर्षं ऑकलंडला, बायको आणि मुलगीही तिथेच. एका सोमवारी साडेनऊला कंपनीने आत बोलावलं आणि पावणेदहाला मी बेकार होऊन बाहेर आलो. पंधरा मिनिटं! त्यातली पाच तर कॉफी घेणार का, हे विचारण्यात गेली. मग तीन महिने अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. शेवटी बायको म्हणाली, "मिलिंद, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा गावी जा. आबांना भेट. आणि सांगून टाक एकदाचं."

आबा म्हणजे माझे वडील. खोपोलीच्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली, आता खालापूरजवळच्या आमच्या वस्तीत एकटेच राहतात. आई नाही. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला रजा मिळाली नाही. मिळाली नाही कसली, मी नीट मागितलीच नाही. पण आबांनी विहाराच्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं, "त्याच्याबिगर कंपनी चालत नाय रं. तो निगाला का तिकडं मशीन बंद पडतं."

मी सॉफ्टवेअरवाला. मशीन कसलं डोंबलाचं? आणि कंपनी तर माझ्यावाचून इतकी झकास चालली होती, की विचारूच नका.

आता ह्या माणसाला कसं सांगायचं, सांगा मला तुम्ही!

तीन आठवडे झाले. रोज सकाळी ठरवायचं, आज सांगू. रोज रात्री बायकोचा फोन, "सांगितलंस?" आणि माझं ठरलेलं उत्तर, "उद्या." दिवसभर मी लॅपटॉप उघडून गंभीर तोंडाने बसायचो. त्यात नकाराचे मेल वाचायचो. आबा अंगणात जाऊन लोकांना दटावायचे, "हळू बोला रं! मीटिंग चालू हाय त्याची!" शेजारचा रेडिओ बंद व्हायचा. सगळी वस्ती माझ्यासाठी चिडीचूप, आणि मी एकटाच बसलोय मीटिंगला.

मग एक दिवस कट्ट्यावर कोणीतरी म्हणालं, "रजा लय मोटी दिली की रं कंपनीनं." झालं. त्याच रात्री मी ठरवलं, गाडी भाड्याने घ्यायची. एक म्हणजे गाडीतून फिरणाऱ्याला बेकार कोण म्हणेल? आणि दुसरं, खरं कारण, की गाडीत समोर रस्त्याकडे बघत बोलता येतं. आबांना शेजारी बसवायचं, घाटाच्या पायथ्यापर्यंत न्यायचं आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता सांगून टाकायचं.

सकाळी कर्जत गाठलं. स्टेशनजवळ एकजण शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना गाड्या भाड्याने देतो. माझं भारतातलं लायसन कधीच संपलेलं. मी न्यूझीलंडचं कार्ड, सोबतचं आंतरराष्ट्रीय परवान्याचं पुस्तक आणि पासपोर्ट, सगळं ऐटीत टेबलावर मांडलं. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"साहेब, तिकडं गाडी कुठल्या बाजूनं मारतात?"

"डावीकडूनच. आपल्यासारखीच."

"मग हितं तुमाला अवघड जाईल. आपल्याकडं दोनी बाजूनं मारतात."

चावी देताना तो म्हणाला, "एकच सांगतो साहेब, ही सेल्फ ड्राइव्ह हाय. शीटा भरून भाडं मारायचं नाय."

मला केवढा राग आला! मी? भाडं मारीन? बारा वर्षं परदेशात काढलेला माणूस? मी झटक्यात चावी उचलली. गाडी मात्र छान होती, पांढरीशुभ्र. नंबराची पाटी काळी आणि वर पिवळी अक्षरं. मला वाटलं, वा, काहीतरी खास दिसतंय! आता तुम्ही इथे राहता, तुम्हाला ठाऊक आहे की पांढरी पाटी घरची आणि काळी पाटी स्वतः चालवायला भाड्याने घेतलेल्या गाडीची. मी गेलो तेव्हा असलं काही माझ्या बघण्यात नव्हतं.

स्टेशनसमोर गाडी लावून वडापाव खात बसलो होतो. एवढ्यात मागचं दार उघडलं आणि एक म्हातारे गृहस्थ छत्री सावरत आत बसले.

"खोपोली. लगेच निघणार ना? की शीटा भरायची वाट बघतोस?"

मी मागे वळलो आणि वडा घशातच अडकला. दामले सर! आम्हाला शाळेत गणित आणि भूगोल शिकवायचे. मला ओळखलं नव्हतं त्यांनी. माझी दाढी, गॉगल, वाढलेलं पोट.

अहो, दोन शब्दांचं काम होतं. 'सर, मी मिलिंद.' पण मग पुढचा प्रश्न काय आला असता? 'कधी आलास? नोकरी कशी चाललीय?' आणि सर अधूनमधून आबांना फोन करतात. मी विचार केला, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. ड्रायव्हर होऊन गप्प बसणं सोपं. निदान खोटं तरी बोलावं लागणार नाही.

"निघू या," मी म्हणालो.

"नाव काय तुझं?"

"सुरेश."

बघा, पाच सेकंदांत खोटं बोललोच!

पळसदरीच्या आसपास एक बाई रस्त्याकडेला भाजीची पाटी घेऊन उभ्या होत्या. मी सरळ निघालो होतो, पण सरांनी काच खाली करून हाक मारली, "हिराबाई, या! जागा आहे! अरे सुरेश, थांब की, एवढी रिकामी गाडी नेतोस, धंदा कसा व्हायचा तुझा?" हिराबाई पाटीसकट आत आल्या आणि तीस रुपये काढून माझ्या पुढ्यात ठेवले. "आधीच घे बाबा, मागनं कटकट नको."

मग सर सुरू झाले. "किती शिकलास सुरेश?"

"बारावी, सर." दुसरं खोटं.

"शिकायला हवं होतं रे. माझा एक विद्यार्थी आहे, मिलिंद गायकवाड. बाप कारखान्यात राबला, पण पोरगा न्यूझीलंडला! त्याच्यावाचून तिथली कंपनी बंद पडते. मशीनच चालत नाही म्हणे."

"कंच्या गावचा?" हिराबाईंनी विचारलं.

"खालापूरकडचा. सोनं आहे पोरगा. मी वर्गात सांगायचो, त्याच्यासारखे व्हा."

मी आरशात बघितलं. त्याच्यासारखा झालेला माणूस दोन शीटा घेऊन खोपोलीला चालला होता. त्या वेळी मला खरंच रडू येत होतं, पण ड्रायव्हरने कशाला रडायचं, म्हणून गिअर बदलला.

खोपोलीच्या अलीकडे हवालदाराने हात केला.

"काळी पाटी. मागं शीटा. कुठून कुठं?"

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "कर्जत ते खोपोली." कधी आयुष्यात खोटं बोलले नाहीत हो ते! आणि हिराबाईंना वाटलं, पैशांवरून काहीतरी चाललंय. त्या ओरडल्या, "माजं तीस मी आदीच दिल्यात, सांगून ठेवते!"

"लायसन काढा." मी कार्ड दिलं. हवालदाराने ते उन्हात धरलं. "हे कुठलं?"

"न्यूझीलंड."

"ते कुठं आलं?"

"ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला," मागून सर म्हणाले. सवय, दुसरं काय.

हवालदार एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागला, "मिलिंद... गायकवाड."

सर मागच्या सीटवरून पुढे वाकले. मग सरांचा आवाज, "आबा गायकवाडांचा मिलिंद? अरे, मघाशी सुरेश म्हणालास ना?"

"दोन नावं?" हवालदाराची पेन्सिल कानावरून खाली आली. "सेल्फ ड्राइव्हच्या गाडीत भाडं, परदेशी लायसन, वर दोन नावं. घ्या गाडी ठाण्यात. काम काय करता तुमी?"

पोलिसापुढे खोटं बोलायची छाती नव्हती आणि सरांपुढे खरं बोलायची हिंमत नव्हती. मी उगाच वायपर चालू केला.

"सांगा की, काम काय करता?"

सरांनी फोन काढला. "थांबा साहेब, मी ह्याच्या वडिलांना बोलावतो." मी नको नको म्हणेपर्यंत फोन लागलाही.

वीस मिनिटांत आबा रिक्षातून उतरले. इस्त्रीचा शर्ट, छातीवर हात, धाप लागलेली. मी तर मान वरच केली नाही. सरांनी त्यांना बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग हवालदारापुढे जाऊन त्यांनी हात जोडले.

"सायेब, पोरगा माजा हाय. तुमाला खरं काय ते सांगतो. त्याची तिकडची नोकरी गेली. दोन-चार महिनं झालं आसतील. आमाला सांगायची लाज वाटते त्याला. रोज तो लॅपटॉप उघडून बसतो, पर काम काय नाय सायेब, नुस्ता बसतो. मलाबी कळतंय, पर मी बोलत नाय. पोरगी शिकते तिकडं, खर्च हाय. दोन पैसं मिळवायला गेला आसंल बिचारा. पयलीच येळ हाय. सोडा त्याला."

मी सांगतो तुम्हाला, आबांना माहीत होतं! सगळं माहीत होतं! तीन आठवडे तो म्हातारा माणूस वस्तीचे रेडिओ बंद करत फिरला, माझी लाज झाकायला! मी गाडीतून उतरलो आणि भर रस्त्यात ढसाढसा रडलो. पंचेचाळीस वर्षांचा घोडा, हमसून हमसून.

हवालदार विरघळला. "अहो रडू नका. माझा भाऊबी घरी बसलाय, कंपनी बंद झाली. हे घ्या तुमचं लायसन. नोकरी काय, मिळते. पर काळ्या पाटीत शीटा भरू नका." सर माझ्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी हिराबाईंना तीस रुपये परत करायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाबा. पोरीला खाऊ ने."

सर आणि हिराबाई आबा आले त्याच रिक्षातून पुढे गेले. आबा माझ्या शेजारी बसले. मी गाडी सुरू केली. इतकं हलकं मला चार महिन्यांत वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, काही सांगावंच लागलं नाही, देवासारखा बाप आहे माझा.

वळण आलं. आबांनी मान वळवून मागे बघितलं. हवालदार दिसेनासा झाल्याची खात्री केली. आणि मांडीवर थाप मारून असे काही हसायला लागले, की मला वाटलं टाके उसवतील!

"कसा गंडवला रं त्याला? आं? कारखान्यात युनियनची भाषणं केलीत मी, काय समजलास! पर तू बी कमी नायस. रडलास ते लय भारी! त्याच्यानंच तो इरगळला. दामले सरबी फसलं! आता फोन करून सांगतो त्यान्ला, नायतर रातभर झोपायचं नाय मास्तर."

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. समोर रस्त्याकडे बघत, जसं ठरवलं होतं अगदी तसंच, म्हणालो, "आबा, खरंच गेलीय नोकरी. चार महिने झाले."

आबांनी डोळे पुसले. हसून हसून आलेलं पाणी होतं ते.

"बस कर रं आता," ते म्हणाले. "हवालदार मागं ऱ्हायला."

ह्याला आज पंधरा दिवस झाले. मी दोनदा पुन्हा सांगून पाहिलं, एकदा तर मेल दाखवून. आबा म्हणाले, "इंग्लिश मला वाचता येत नाय म्हनून कायबी दाखवतोस व्हय?" त्यांनी हा किस्सा वस्तीत घरोघर सांगितलाय. संध्याकाळी कट्ट्यावर गेलो, की सगळे एका सुरात विचारतात, "काय रं मिलिंद, लागली का नोकरी?"

"नाय अजून," मी म्हणतो.

आणि अख्खा कट्टा खो खो हसतो, आबा सगळ्यात मोठ्याने.