बनी पार्कच्या घराचे दोन पत्ते

काकांचं वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात काकू आणि त्यांचा मुलगा यांच्यात करार झाला. हिवाळ्यात खोल्या भरल्या तर काकू जयपूरला राहणार. नाही भरल्या तर होळीनंतर तिथलं बनी पार्कचं घर विकायचं आणि काकूंनी पुण्याला मुलाकडे जायचं. हे बोलणं माझ्यासमोर झालं, कारण खोल्या भरायच्या तर वेबसाइट नीट चालायला हवी होती आणि ते काम माझ्याकडे येणार होतं.

माझ्या नवऱ्याची नोकरी विम्यातली, दर तीन-चार वर्षांनी बदली. अशा संसारात बाईची नोकरी टिकत नाही. म्हणून मी चाळिशीत कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि कुठल्याही गावी घरात बसून करता येईल असं वेबसाइटचं काम धरलं. जयपुरात माझ्याकडे सांगानेरचा एक हातकागदवाला होता, बगरूचे दोन छपाईवाले होते आणि एक चांदीच्या दागिन्यांचं दुकान. काकूंची ओळख तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत झाली. त्या साताऱ्याकडच्या, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या.

काका बँकेत होते. शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर ते परत गेलेच नाहीत. घरातल्या तीन खोल्या त्यांनी परदेशी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. सकाळी काकूंच्या हातचे पोहे नाहीतर थालीपीठ, आणि काकांचं इंग्रजी. लोकांना ते घर आवडायचं.

मुलाचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. उन्हाळ्यात काकू चक्कर येऊन न्हाणीघरात पडल्या होत्या. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं आणि मुलाला दुसऱ्या दिवशी कळलं.

"आई, इथं तुझं आहे कोण?" तो त्या दिवशी म्हणाला.

"तीन खोल्या आहेत."

"खोल्या रिकाम्या आहेत."

"उन्हाळ्यात सगळ्या जयपूरच्या रिकाम्याच असतात. हिवाळा येऊ दे."

"ठीक आहे. हिवाळा बघू. मावशी साक्षीदार."

मला साक्षीदार व्हायची हौस नव्हती. मी कॉम्प्युटर कुठे आहे ते विचारलं.

कॉम्प्युटर जेवणघरात होता, बगरूच्या छापील कापडाखाली झाकलेला. मी सर्च इंजिनमध्ये जयपूर आणि घरगुती मुक्काम असं इंग्रजीतून घातलं. पहिल्या पानावर काकूंचं घर नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. तिसऱ्या पानाच्या तळाशी ते सापडलं आणि आणखी पुढे गेल्यावर पुन्हा एकदा सापडलं. एका ठिकाणी पत्त्याच्या सुरुवातीला तीन डब्ल्यू होते, दुसऱ्या ठिकाणी नव्हते. दोन्हीकडून उघडणारं पान एकच.

हे का झालं ते मी आधी काकूंकडून समजून घेतलं. काकांनी पहिली वेबसाइट काढली तेव्हा प्रत्येक पाहुण्याला जाताना एक कापडी पिशवी द्यायची असं ठरवलं. पिशवीवर घराचं चित्र आणि खाली वेबसाइटचा पत्ता. त्यासाठी ते सांगानेरला लाकडी ठसे कोरणाऱ्याकडे गेले. कोरणारा म्हणाला, "साहब, ये तीन तिरछे अक्षर बहुत बारीक हैं, छापते-छापते टूट जाएँगे. इनके बिना नहीं चलेगा?" काका घरी आले, तीन डब्ल्यू गाळून पत्ता टाइप केला, पान उघडलं. मग ठसा तसाच कोरून घेतला. पुढे पाहुणे आपापल्या देशात गेले, त्यांनी आपल्या पानांवर प्रवासाच्या हकिकती लिहिल्या आणि पिशवीवर बघून पत्ता दिला. तिकडून येणाऱ्या सगळ्या लिंक डब्ल्यूशिवायच्या.

काका गेल्यावर मुलाने पुण्यात बसून साइट नवी केली. तो आयटीत होता आणि काम चांगलं केलं होतं. प्रवासाच्या याद्या देणाऱ्या साइट्सवर त्याने घराची नोंद केली, आणि सगळीकडे डब्ल्यूसकट पत्ता दिला. वडिलांनी दुसरा पत्ता का दिला, हे त्याने विचारलं नव्हतं. दोन्ही उघडतात म्हटल्यावर त्यालाही फरक जाणवला नसावा.

मी काकूंना समजावलं. दुसऱ्याच्या पानावरून येणारी प्रत्येक लिंक सर्च इंजिन एक मत धरतं. एकाच उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर दोनदा छापलं तर काय होईल? काही मतं वरच्या नावाला, काही खालच्या. बेरीज केली तर तो निवडून यावा, पण बेरीज कुणी करत नाही आणि तो दोन्हीकडे पडतो. सर्च इंजिन तुमच्या घराची तशी दोन घरं समजतंय. एक पत्ता निवडायचा आणि दुसऱ्यावर येणाऱ्यांना कायमचं पहिल्याकडे वळवायचं. पिशवीवरचा पत्ता टाइप करणाराही योग्य जागी पोचेल.

"यातला चांगला कुठला?" त्यांनी विचारलं.

"सर्च इंजिनला दोन्ही सारखे. ठरवलं जाणं महत्त्वाचं."

ही गोष्ट मी इतर गिऱ्हाइकांना सांगायचे तेव्हा ते एका मिनिटात एक बोट दाखवायचे. चांदीवाल्याने तर "जो छोटा है वो रख दो, मैडमजी" म्हणून विषय संपवला होता. काकू मात्र म्हणाल्या, "दोन्ही चालू आहेत ना? चालू देत. एक यांनी ठरवलेला, एक त्याने. मी कुणाचा मोडू?"

मुलाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "डब्ल्यू ठेवा. त्याशिवाय पत्ता अर्धवट वाटतो. आणि त्या याद्यांमध्ये आता बदल करायचा म्हटला तर कुणी उत्तर देत नाही." मग म्हणाला, "पण आईला वाईट वाटणार असेल तर बाबांचा ठेवा. मला काय, होळीपर्यंतचाच प्रश्न आहे."

शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. फोन स्पीकरवर होता.

काकूंनी दोन दिवस घेतले आणि मला बोलावलं. "त्याचा ठेव. यांचा तिकडे वळव. पण सध्या तात्पुरता."

साइट ज्याच्याकडे ठेवलेली होती त्या होस्टिंगवाल्याच्या पानावर खरोखर तसे दोन पर्याय होते, कायमचा आणि तात्पुरता. मी म्हटलं, "काकू, तात्पुरता वळवला तर माणूस पोचेल, पण सर्च इंजिन समजेल की जुना पत्ताच खरा आहे आणि हे सगळं थोड्या दिवसांचं आहे. मतं वाटलेलीच राहतील."

"राहू देत. पुढचं पुढे बघू."

बदलीच्या घरांतून हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. पडद्यांचे दांडे तात्पुरते, मुलांची शाळा तात्पुरती, पोस्टात टपाल वळवायचा अर्ज तात्पुरता. काका-काकूंचं तर त्या घरात सगळंच सध्यापुरतं होतं. जिन्याला कठडा लावायचा तो साताऱ्याला जायचंच आहे म्हणून लावला नव्हता. गेटवर नावाची पाटी पुठ्ठ्याची होती, दर पावसाळ्यानंतर नवी. काका गेल्यावरही फोन त्यांच्याच नावावर होता. मी वाद घातला नाही. घर त्यांचं होतं. तात्पुरत्यावर खूण केली आणि चहा पिऊन घरी आले.

हिवाळा आला. जयपूरभर परदेशी माणसं दिसायला लागली. काकूंच्या तीन खोल्यांपैकी एखादी भरायची, बाकीच्यांच्या चादरी काकू आठवड्याला बदलायच्या आणि न वापरलेल्या धुवायला टाकायच्या. मी दर सोमवारी सर्च करून बघायचे. कधी एक पत्ता तिसऱ्या पानावर, कधी दुसरा चौथ्यावर. मी त्यांना दर वेळी खरं ते सांगितलं. त्या "बरं" म्हणायच्या. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला त्यांनी एक दिवसाआड यायला सांगितलं. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले तर जेवणघरातली मोठी भांडी खोक्यांत गेलेली होती. विचारलं नाही. भांडी कशासाठी बांधतात ते बदल्यांत आयुष्य गेलेल्या बाईला विचारावं लागत नाही.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी मी तिथे असताना गेटशी सायकलरिक्षा थांबली. हॉलंडचं एक म्हातारं जोडपं उतरलं. नवऱ्याच्या खांद्याला काकांची पिशवी होती, निळा रंग विटून गेलेला. दोघं चार-पाच वर्षांपूर्वी इथे राहून गेली होती.

"अंकल?" बाईने हसत विचारलं.

"गेले. वन इयर बिफोर," काकू म्हणाल्या.

त्या बाईने काकूंचे दोन्ही हात हातात घेतले. मग आम्ही आत बसलो. काकूंनी पोहे टाकले. मी भाषांतराला होते. म्हाताऱ्याने सांगितलं की निघण्यापूर्वी त्याने कॉम्प्युटरवर घर शोधून पाहिलं होतं, सापडलं नाही. पिशवी तर माळ्यावर होती, ती अगदी शेवटच्या रात्री सामान बांधताना मिळाली. घर बंद झालं असेल असं वाटलं. तरी रिक्षावाल्याला स्टेशनपासून हाताने वळणं दाखवत आले.

"त्यांना सांग," काकू मला म्हणाल्या, "की यांची माणसं आली, मला बरं वाटलं." मी सांगितलं.

दोघं खोलीत गेल्यावर काकू ओट्याशी उभ्या राहून कढई घासत होत्या. स्वयंपाकाची बाई येणार नव्हती त्या दिवशी. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "यांच्या पिशवीवाल्यांना घर माहीत आहे गं. ते वळणं दाखवत येतात. ज्याला माहीत नाही, त्याचं काय?"

त्यांनी कढई पालथी करून बूड घासायला घेतलं.

"तो दुसरा पर्याय कर. कायमचा."

"आत्ता?"

"कढई होईपर्यंत कर."

जेवणघरात बसून मी ते केलं. काकांचा पत्ता कायमचा मुलाच्या पत्त्याकडे वळवला. आतल्या पानांवरचे दुवे एकाच पद्धतीचे केले. दोन्ही तऱ्हेने टाइप करून तपासलं. काकू हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. वरच्या पट्टीत त्यांनी डब्ल्यूशिवायचा पत्ता घालायला सांगितला, आणि तो बदलून डब्ल्यूसकट होताना पाहिला. पुन्हा एकदा घालायला सांगितला. मग डोळ्यांना पदर लावला आणि दुपारच्या जेवणाचं काय ते पाहुण्यांना विचारायला गेल्या.

अशा गोष्टींचा परिणाम लगेच होत नाही. मी तसं सांगितलं होतं. फेब्रुवारीत काही झालं नाही. होळी आली, मुलगा आला, एजंटाचा फोन नंबर घेऊनच आला. घरात त्या दिवशी एकही पाहुणा नव्हता. करार करार होता आणि काकू हरल्या होत्या. त्यांनी मला बोलावलं ते बहुधा यासाठीच की कुणीतरी तिसरं माणूस असावं.

मुलगा कॉम्प्युटरसमोर बसला. त्याला साइट बंद करण्यापूर्वी सगळ्याची एक प्रत करून घ्यायची होती. सवयीने त्याने सर्च केलं. घराचं नाव दुसऱ्या पानाच्या वरच्या बाजूला होतं. एकदाच होतं. त्याने पुढची पानं पाहिली, दुसरं कुठे सापडलं नाही.

"मावशी, कधी केलंत हे?"

"जानेवारीअखेर."

त्याने मागच्या नोंदी उघडल्या. "त्याआधी तात्पुरतं होतं? तीन-चार महिने? हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मी," काकू म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या.

"आई, अगं सगळा सीझन त्यात गेला."

"माहीत आहे."

"मला विचारायचंस."

"तुला विचारलं होतं. तू म्हणालास होळीपर्यंतचाच प्रश्न आहे."

त्याला ते वाक्य आठवलं असावं. त्याने घराची ई-मेल उघडली. त्याच आठवड्यात ऑक्टोबरसाठी दोन चौकश्या आलेल्या होत्या, काकूंना इंग्रजीत उत्तर लिहिता आलं नव्हतं म्हणून तशाच पडलेल्या. लिहिणाऱ्या दोघीही नवीन बायका होत्या, घर कधी न पाहिलेल्या. त्याने त्या वाचून आईला मराठीत सांगितल्या. एकीला विचारायचं होतं की एकटी बाई तिथे सुरक्षित राहील का.

"लिही तिला," काकू म्हणाल्या, "की मी राहते."

त्याने लिहिलं. पाठवलं. नंतर खिशातून फोन काढून एजंटाला लावला आणि म्हणाला, "भाईसाहब, अभी रहने दीजिए. अभी नहीं बेचना."

काकू पुढे आल्या. "अभी नको म्हणूस. नहीं म्हण."

"आई, तेच झालं की."

"तेच नाही. मीही तसंच म्हणत आले आजवर."

त्याने आईकडे पाहिलं, फोन पुन्हा कानाला लावला आणि एजंटाला सांगितलं की घर विकायचं नाही, नंबर काढून टाका. पलीकडचा काहीतरी विचारत होता. मुलगा त्याला परत तेच सांगत असताना काकू आत गेल्या आणि खोक्यांच्या सुतळ्या सोडायला लागल्या. मला म्हणाल्या, "बस, हातभार लाव. पातेली वरच्या फळीवर जातात."