होईलभाऊ आणि खोटा क्लायंट

ऑफिसात त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. सगळे होईलभाऊ म्हणायचे. कुणी काहीही मागो, या गृहस्थाचं उत्तर तयार, "होईल." शुक्रवारी संध्याकाळी नवं काम आलं? होईल. दोन महिन्यांचं काम दोन आठवड्यांत हवं? होईल. आणि व्हायचंही, कारण भाऊ ऑफिसातच मुक्काम ठोकायचे. लेकीचं शाळेतलं नाटक, सासऱ्यांचं आजारपण, सगळं त्यांनी फोनवरूनच पार पाडलं. अशा माणसाला कंपनीनं डोक्यावर घ्यायचं की नाही? छे! विभाग बंद केला आणि भाऊंना सरळ नारळ दिला.

घरी बसून वर्ष होत आलं. सत्तेचाळिशीतल्या प्रोग्रॅमरला कोण विचारतंय! अर्ज करून करून बोटं झिजली, तेव्हा कुठे एका सॉफ्टवेअर कन्सल्टिंग कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. जुन्या ऑफिसातला एक दोस्त तिथे आधीच तोंडावर आपटून आला होता. त्यानं फोनवर सावध केलं.

"कोडबिड जुजबी विचारतात रे. फळ्यावर चौकोन नि बाण काढायला लावतात, ते तुला येतं. खरी मेख पुढे आहे. मुलाखत घेणारा उठून बाहेर जातो, दार वाजवून परत आत येतो. आता तो साहेब नाही, क्लायंट! चिडलेला, घाईतला. मी येडा, सोंग विसरून मधेच विचारलं, 'सर, बरोबर बोलतोय ना मी?' झालं, बोंबललं सगळं. आणि हो, तो मागेल ते कबूल करू नकोस. तेच तर बघतात."

भाऊंनी फोन ठेवला. सगळं सोडून नेमकं तेच?

बायको बँकेत होती. घर तिच्याच पगारावर चाललं होतं, पण ती कधी टाकून बोलली नाही. तिनंच तोडगा काढला. "अहो, घरी सराव करा. आई, तू हो क्लायंट."

सासूबाईंना काय, हौसच! पर्स काखेत मारून त्या स्वयंपाकघराबाहेर गेल्या, दार ठोठावून आत आल्या आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या. "मी कारखान्याची मालकीण. मला सगळं पंधरा दिवसांत पाहिजे."

"होईल," भाऊ म्हणाले.

बायकोनं कपाळाला हात लावला. पुन्हा दार, पुन्हा टकटक. "आठ दिवसांत पाहिजे." भाऊ घुटमळले, घाम पुसला, म्हणाले, "बघतो... होईल."

सासूबाईंनी पर्स खाली ठेवली. "जावईबापू, माझ्या पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला ही परगावी होती. घ्यायला येणं होईल, म्हणाला होतात तुम्ही. पट्टी बांधून बाकड्यावर बसले होते मी. दवाखाना बंद व्हायला आला, तेव्हा वॉचमननं टॅक्सीत बसवून दिलं. तुमच्या होईलवर विसंबलेल्या माणसाचे काय हाल होतात, ते मला विचारा."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच भाऊंना ते जास्त लागलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी होतं. बायकोच्या बँकेत त्याच दिवशी तपासणी, तिला रजा नव्हती. या वेळी मी नेणार, एवढंच ते म्हणाले.

मुलाखत घेणाऱ्या बाई त्यांच्याहून लहानच होत्या. फळा, चौकोन, बाण, सगळं सुरळीत झालं. मग बाई उठल्या, बाहेर गेल्या. टकटक.

"माझं औषधांचं गोदाम आहे. तुमची नवी सिस्टिम महिन्याभरात चालू झाली पाहिजे. दुसरे लोक द्यायला तयार आहेत."

जिभेच्या टोकावर शब्द आलाच होता. भाऊंनी तो गिळला. "महिन्यात नाही होणार. घाईनं केलं तर एकाचं औषध दुसऱ्याला जाईल. महिन्यात फक्त साठा किती आहे ते दाखवता येईल. बाकीचं कधी, ते तुमच्या माणसांशी बोलल्याशिवाय मी सांगणार नाही."

"मग कशाला आलात?" बाई ताडकन उठल्या आणि दार आपटून गेल्या. लागली वाट, भाऊंच्या मनात आलं. थोड्या वेळानं त्या न ठोठावता आत आल्या, थंडपणे म्हणाल्या, "कळवतो आम्ही."

शुक्रवारी संध्याकाळी सगळे चहाला बसले असताना कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. भाऊंनी तो स्पीकरवर टाकला.

"तुमची निवड झाली आहे. सोमवारी सकाळी या, थेट क्लायंटकडेच जायचंय. जमेल ना?"

बायकोचा हात तोंडावर गेला. सासूबाई तर खाणाखुणाच करायला लागल्या, हो म्हणा, हो म्हणा! वर कुजबुजल्या, "माझं काय, पुढच्या महिन्यात बघू."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या धुरकट डोळ्याला आपण किती दिसत असू कोण जाणे.

"सोमवारी नाही जमणार," ते म्हणाले. "सासूबाईंचं ऑपरेशन आहे, मी बरोबर असणार. मंगळवारी पहाटेसुद्धा बोलवा, येतो."

"थांबा हं, विचारते." मग नुसती ती टिंगटिंग वाजत राहिली. वर्षभरानं दारात आलेली नोकरी, आणि या माणसानं तिला थांब म्हटलं! बायकोनं डोळे मिटून टेबलाची कड घट्ट धरली. सासूबाईंच्या चहावर साय धरली.

"हॅलो? मॅडम म्हणतायत, मंगळवारी नऊला या."

फोन बंद झाला. इतक्या वर्षांच्या संसारात भाऊंच्या तोंडून 'नाही जमणार' बायकोनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता रडायलाही. सासूबाईंनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले.

"डॉक्टरांनी ऑपरेशनपर्यंत डोळे चोळू नका म्हणून बजावलंय," त्या करवादल्या, "आणि तुम्ही हे असलं काहीतरी बोलता, जावईबापू!"