साडूंचा डब्यातला आखाडा

माझ्या आयुष्यात मला जेवढा म्हणून राग आला, त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या माझ्या साडूंवर खर्च झाला आहे. उरलेला राग बायको, जाणारी वीज आणि नाक्यावरचे रिक्षावाले यांच्यात कसाबसा वाटून द्यावा लागला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. माणूस सांगलीचा. एका साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर उसाची बिलं काढायचं काम करायचा. मी साताऱ्यात टायपिंगच्या जोडीला कॉम्प्युटरचे क्लास काढले होते, म्हणजे आम्हा दोघांचा देव एकच. पण मी त्या देवाकडून चार पैसे मागत होतो आणि साडू त्याला रोज नवा नैवेद्य दाखवत होते. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांच्या डोक्यात आलं की कॉम्प्युटरवर कुस्त्यांचं मैदान भरवायचं. परदेशातले लोक कॉम्प्युटरवर विमानं पाडतात, तर आपण माणूस का पाडू नये, हा त्यांचा प्रश्न. दोन बोटांएवढे पैलवान पडद्यावर झोंबायचे, हलगी वाजायची, आणि खेळणाऱ्यानं कीबोर्डच्या बटणांनी डाव टाकायचे. खेळाचं नाव 'मैदान'. कल्पना उत्तम होती, हे मी रागातसुद्धा कबूल करीन. डोकं फिरलं ते तिच्या खर्चापायी.

साडूंचं अंदाजपत्रक ही ऐकण्याची गोष्ट होती. दिवाळीला आम्ही दोघं जावई उंब्रजला सासरी जमायचो. जेवण झालं, पान लागलं, की साडू ओसरीवर मांडी ठोकून येत्या वर्षाचा खर्च सांगायला लागायचे. खर्चाचे सगळे रकाने आखाड्यातले. कॉम्प्युटरची मेमरी आणि फ्लॉप्या म्हणजे 'खुराक'. रंगीत मॉनिटर म्हणजे 'माती', कारण काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल माती दिसत नाही आणि लाल माती नसली तर पैलवान काय फरशीवर लढायचे का? आवाजाचं कार्ड म्हणजे 'हलगी'. जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवायची तो खर्च 'वस्ताद'. जमेची बाजू सांगायची वेळ आली की मात्र साडूंना तहान लागायची. ते पाणी प्यायला आत जायचे आणि बाहेर येईपर्यंत विषय उसाच्या उताऱ्यावर गेलेला असायचा. एकदा मी उठून दारातच आडवा उभा राहिलो. म्हटलं, "पाणी नंतर. आधी पैसे कुठून येणार ते सांगा." साडू शांतपणे म्हणाले, "आवं साडू, ह्यो गडी आत्ता कुटं अंग धराय लागलाय. आत्ताच खुराक तोडून कसं चालंल?"

हा गडी अंग धरत होता तो त्यांच्या घराच्या जिवावर. सांगलीला त्यांनी छोटी जागा घेऊन घर बांधायला काढलं होतं. भिंती झाल्या, कोपऱ्यांतून खांबांच्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि तिथंच काम थांबलं. स्लॅबसाठी म्हणून फंडातून काढलेलं कर्ज 'मैदाना'च्या खुराकात गेलं. वर पत्रे पडले. उन्हाळ्यात त्या घरात बसणं म्हणजे भाकरीनं तव्यावर बसणं. मी मेहुणीला म्हटलं, "तू तरी काही बोल." तर ती पदरानं वारा घेत म्हणाली, "दाजी, ह्यास्नी दारूचा नाद न्हाई, पत्त्याचा न्हाई. स्लॅब काय, हुईल कवातरी." हे ऐकून मला दुप्पट राग आला. एकट्या साडूंवर रागावणं सोपं होतं. बायकोच नवऱ्याच्या बाजूला जाऊन बसली की रागाला आधारच राहत नाही.

फंड आटला तेव्हा साडूंनी जो उपाय काढला, तो आमच्या या दोन जिल्ह्यांबाहेरच्या माणसाला सुचलाच नसता. त्यांनी खेळासाठी वर्गणी काढली. जत्रेच्या कुस्त्यांना गाव वर्गणी देतं आणि कर्ण्यावरून देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, ही आपली रीत. साडूंनी ती तशीच्या तशी उचलून कॉम्प्युटरमध्ये ठेवली. जो वर्गणी देईल त्याचं नाव पडद्यावर झळकणार, आणि बऱ्यापैकी देईल त्याच्या नावाचा पैलवानच मैदानात उतरणार. उसाच्या बिलांमुळे साडूंना गावोगावचे शेतकरी ओळखत होते. मोटारसायकलवर बसून हा माणूस उंब्रजपासून मिरजेपर्यंत फिरला. वर्गणी जमली. त्या पैशातून नवे डाव आले, ढाक आली, घिस्सा आला. पुढच्या वर्षी साडू पुन्हा त्याच दारांत उभे. मी हबकलो. म्हटलं, "अहो, खेळ झाला ना तयार? परत कसली वर्गणी?" ते म्हणाले, "जत्रा यकदा झाली म्हनून फुडल्या वर्साला वर्गणी मागत न्हाईत व्हय?" आणि लोकांनाही ते पटलं! दरवर्षी वर्गणी, दरवर्षी नवं मैदान, आणि दरवर्षी पडद्यावर नावांची नवी भर. देवनागरी अक्षरं साडूंनी एकेक ठिपका जोडून स्वतः तयार केली होती. ती बिचारी कुंथत कुंथत वर सरकायची. शेवटी अशी पाळी आली की कुस्ती बघायची तर आधी अर्ध्या तालुक्याची नावं वाचावी लागायची. बटण दाबून ती पुढे ढकलायची सोय आहे का विचारलं, तर साडूंनी कानांना हात लावले. "देनाऱ्याचं नाव ढकलायचं?"

मीही एकदा पैसे दिले. अट एकच घातली, की माझं नाव कुठंही दिसता कामा नये. साडूंनी शब्द पाळला. पडद्यावर आलं, 'एक हितचिंतक, सातारा'. खाली जो पैलवान उतरवला त्याला टक्कल होतं, पोट होतं आणि चष्मा होता. चष्मा लावून लंगोटावर लढणारा पैलवान या भूतलावर तो एकटाच. क्लासमधली मुलं महिनाभर मला बघून तोंडं लपवत होती.

माझा राग उतू जायचा प्रसंग मात्र पुढेच होता. पुण्याचा एक व्यापारी माझ्या क्लासला फ्लॉप्या पुरवायचा. कॉम्प्युटरचे खेळ दुकानांना विकायचा त्याचा धंदा. मी त्याच्या कानावर 'मैदान' घातलं. मराठी खेळ म्हटल्यावर तो उत्सुक झाला, मी साडूंना साताऱ्याला बोलावून घेतलं. साडू इस्त्रीचा शर्ट घालून आले. व्यापारी खेळायला बसला. एक कुस्ती झाली, बरोबरीत सुटली. दुसरी झाली, बरोबरीत. तिसरीतही पंचांनी दोघांचे हात वर केले. व्यापाऱ्यानं घाम पुसला आणि विचारलं, "यात हरतं कोण?"

साडू म्हणाले, "हरायला कोन तयारच न्हाई की!"

खुलासा असा, की प्रत्येक पैलवानाला कुणा ना कुणा वर्गणीदाराचं नाव होतं. आपल्या नावाचा गडी पडलेला कुणाला खपेना. म्हणून साडूंनी खेळच असा बांधला होता, की कुणाची पाठ मातीला लागायचीच नाही. सहा-सात वर्षं खपून, स्लॅब फुंकून, या माणसानं जगातला असा एकमेव खेळ तयार केला होता ज्यात कुणी हरत नाही! व्यापारी भला निघाला. तो म्हणाला, "पंधरा दिवस देतो. दोन गोष्टी करा. निकाली कुस्त्या करा आणि ही नावं काढा. मी पूर्ण खेळ विकत घेतो." त्यानं आकडा सांगितला. त्या आकड्यात स्लॅब पडत होता, वर गिलावा होऊन रंगालाही उरत होते. मी साडूंच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की ते खुर्चीतून पुढे आले.

साडू निकालाच्या कामाला लागले. कामाला म्हणजे कॉम्प्युटरपाशी नव्हे. ते मोटारसायकल काढून वर्गणीदारांच्या दारोदार गेले, हरायची परवानगी मागायला! उंब्रजचा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "रं गड्या, मी काय पडायला पैसं दिल्यात?" मिरजेला तंबोरे करणारे एक वयस्कर चाचा होते. ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "मला काय न्हाई रं, पन नातू बघतोय. त्येच्याम्होरं नगं पाडूस." आमचे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तर जावयाला उभं करून ऐकवलं, "जावईबापू, दोन लढाया बघितल्या मी. दुश्मनाम्होरं पाठ टेकली न्हाई. आता तुमच्या डब्यात टेकू व्हय?" मी साताऱ्याहून ओरडून ओरडून फोनवर सांगत होतो, "अहो विचारताय कशाला? पाडा कुणालाही! मला पाडा!" तर म्हणाले, "तुमी थोरले साडू. तुमाला कसं पाडू?"

मुदत संपायच्या आदल्या दिवशी साडू फ्लॉपी घेऊन माझ्याकडे हजर झाले. चेहऱ्यावर तेज. पडद्यावर एक नवा गडी आला होता. बारका, सावळा, मोठ्या मिशांचा. वर नाव साडूंचं स्वतःचं. कुणीही कुठलाही डाव टाकला की हा गडी चीत. पट काढा, चीत. ढाक लावा, चीत. नुसतं ढकललं तरी चीत. वर्गणीदारांनी आपापसात लढायचंच नाही, सगळ्यांनी येऊन साडूंना पाडायचं. "झाला का न्हाई निकाल?" साडू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. खेळला, हसला, त्याला तो मिशाळ गडी फार आवडला. म्हणाला, "ठरलं. फक्त नावं तेवढी काढून टाका."  साडू म्हणाले, "आवं, वर्गणी घितली त्यांच्याकडनं. नाव पुकारायचं म्हनून घितली. आता कसं काढू?" व्यापाऱ्यानं समजावलं, मी समजावलं, मग मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला उडाला. ते आपले एकच वाक्य धरून बसले. व्यापारी नमस्कार करून उठला आणि गाडीत बसून गेला. त्याच्या पाठोपाठ स्लॅबही गेला. त्या दिवशी मी साडूंना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुम्हीवरून तूवर आलो, तूवरून आणखी खाली उतरलो. मला आजही त्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. पत्र्याखाली राहणारी माझी मेहुणी होती, आणि उसाची बिलं काढणारा हा गृहस्थ तिच्या डोक्यावरचं छप्पर लोकांच्या नावांपायी सोडून देत होता.

पुढच्या जत्रेत साडूंनी उंब्रजला मांडवात टेबल टाकून कॉम्प्युटर मांडला. मी जाणार नव्हतो, बायकोनं नेलं. टेबलाभोवती ही गर्दी. ट्रॅक्टरवाल्यानं साडूंना पाडलं आणि आपल्याच मांडीवर थाप मारली. सासऱ्यांनी चष्मा पुसून एका बोटानं बटण दाबलं, साडू पडले, सुभेदारांनी लगेच दुसऱ्यांदा पाडले. मिरजेचे चाचा नातवाला घेऊन मुद्दाम आले होते. नातवानं आजोबांच्या नावाच्या पैलवानाकडून साडूंना असं काही उचलून आपटलं की सगळा मांडव हसला. लोक यायचे, आपलं नाव वाचायचे, साडूंना पाडायचे आणि खुशीत निघून जायचे. साडू शेजारी उभे राहून प्रत्येकाला शाबासकी देत होते. ज्या माणसाला मी वर्षभर मनातल्या मनात फाडून खात होतो, त्याला सगळा गाव पाडत होता, आणि मला ते बघवत नव्हतं.

दुपारी खऱ्या कुस्त्या लागल्या, मांडव ओस पडला. आम्ही दोघंच उरलो. साडू म्हणाले, "साडू, तुमी लय चिडलाय माझ्यावर. खोटं न्हाई. बसा हितं. एकदा पाडा मला, म्हंजी उतरंल राग." त्यांनी खुर्ची पुढे केली. पडद्यावर एका बाजूला तो चष्मेवाला ढेरपोट्या उभा राहिला, समोर तो बारका सावळा गडी. त्यानं दोन्ही हात पसरले होते. अडवायला नव्हते पसरले, हे मला माहीत होतं. एक बटण दाबायचं होतं. मी बोट ठेवलं. डोळ्यांपुढे त्या सळया आल्या, तापलेले पत्रे आले, टेबलावरून उठून गेलेला व्यापारी आला. राग कमी नव्हता, पुरेपूर होता. पण बोट काही खाली जाईना.

"दाबा की," साडू म्हणाले.

"नाही दाबत, जा!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की बाहेरचा खेळणीवाला वाकून बघायला लागला.

ते बटण मी पुढेही कधी दाबलं नाही. स्लॅब पडला तो साडूंच्या निवृत्तीच्या पैशातून, बऱ्याच उशिरा. त्यानंतर थोड्याच वर्षांत साडू गेले. तो कॉम्प्युटर भंगारात गेला, आणि नव्या यंत्रांना त्या फ्लॉप्या वाचता येत नाहीत. दिवाळीला उंब्रजला आता मी एकटाच जावई असतो. जेवणानंतर ओसरीवर कुणी खर्च सांगत नाही, आणि मीही कुणावर आवाज चढवत नाही. बायको म्हणते, वयानुसार तुमचा स्वभाव निवळला. तसं काही नाही. राग आहे तेवढाच आहे, पण तो ज्यांच्यावर हक्कानं काढावा, ते माझे साडू राहिले नाहीत.