सिमेंटच्या रस्त्यावरचा पोळा

संध्याकाळी सलीमभाईच्या वॉशिंग सेंटरवर आम्ही दोघं-तिघं बसतो. चहा येतो, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "त्या पोळ्याला काय झालं होतं, आठवतं का?" बस्स! एकातून दुसरा किस्सा निघत जातो आणि चहा तसाच गार होतो. पोळा वर्षातून एकदाच येतो, पण त्याचे किस्से आम्हाला वर्षभर पुरतात.

मुकुंदवाडी हे माझ्या लहानपणी गावच होतं. मग शहर आलं, फ्लॅट आले, सिमेंटचा रस्ता आला. गल्लीतले गोठे एकेक करून गाळे झाले. शेवटपर्यंत बैलजोडी टिकली ती फक्त कोंडीमामांची. मूळचं मेंढपाळाचं घर. आधी मेंढरं गेली, मग जमीन प्लॉटिंगमध्ये गेली. तरी पाखऱ्या आणि हौश्या ही जोडी घेऊन मामा दुसऱ्यांच्या रानात नांगरटीला जायचे.

पोळ्याला बैल मारुतीला न्यायचे तर मोठा रस्ता ओलांडावा लागायचा. एका वर्षी नेमके मध्यावर आलो आणि सिग्नल पडला. पुढं रिक्षा, मागं सिटी बस, मध्ये झुली पांघरलेले पाखऱ्या-हौश्या! हवालदार शिट्टी मारत आला.

"ओ मामा, थांबा! लाल दिसत नाही का?"

मामा शांतपणे म्हणाले, "मला दिसतंय साहेब. म्हणून तर घाईनं चाललोय. ह्यांना नका दाखवू!"

हवालदारानं स्वतः रस्ता मोकळा करून दिला. वर पाखऱ्याच्या पाठीवरून हातही फिरवला.

आमच्याकडं पोळ्याला बैलांचं लग्न लावतात. रीतसर मंगलाष्टकं, अक्षता, सगळं. समोरच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर देशपांडेकाकू नव्यानंच पुण्याहून राहायला आल्या होत्या. लाऊडस्पीकरवर 'शुभमंगल सावधान' ऐकून त्या तरातरा खाली आल्या.

"अहो, चातुर्मासात कुणाचं लग्न काढलंत?"

"पाखऱ्या नि हौश्याचं," मामा म्हणाले.

"बरं. आणि मुली कुठल्या?"

"मुली कशाला? दोघंबी नवरदेवच हायेत!"

काकूंनी दोन्ही बैलांकडं नीट बघून घेतलं. मग पारूमामीच्या, म्हणजे मामांच्या बायकोच्या, ताटातल्या अक्षता उचलल्या, दोन्ही नवरदेवांवर टाकल्या आणि म्हणाल्या, "नांदा सौख्यभरे!" तेव्हापासून काकू आमच्यातल्याच.

मग दुष्काळाची वर्षं आली. टँकर कधी येईल याचा भरवसा नाही. आला की बायका हंडे घेऊन धावायच्या. पोळ्याला बैल धुवायचे तर पाणी आणायचं कुठून? मामीनं घरातल्या पिंपाकडं बोट दाखवलं, तर मामा म्हणाले, "नाय. प्यायच्या पाण्यानं धुतलेलं त्यांनाच आवडायचं नाय."

सलीमभाईच्या बोअरला तेव्हा सकाळी थोडं पाणी असायचं. त्यांनी गाड्या धुणं त्या दिवशी बंद ठेवलं आणि जोडी सेंटरवर घ्यायला लावली. प्रेशरचा पाइप बारीक करून, शाम्पू लावून दोन्ही बैल असे चकाचक केले की पोरींनी फोटो काढले. हौश्या तर डोळे मिटून उभा! शेवटी सलीमभाईंनी फडकं झटकलं आणि विचारलं, "मामा, पॉलिश बी मारूं क्या?"

"नक्को भाई," मामा म्हणाले. "उद्या नांगराला न्यायचेत, शोरूमला नाय!"

त्याच्या पुढच्या वर्षी बोअरही आटला. कडबा मिळेना. मामांनी काळजावर दगड ठेवून जोडी पैठण रोडच्या चारा छावणीत नेऊन बांधली. पोळ्याच्या दिवशी सलीमभाईंनी टेम्पो काढला. मामा, मामी, देशपांडेकाकू, मी, पुरणपोळ्यांचा डबा आणि पाण्याचे दोन कॅन असं सगळं चितेगावच्या पुढं निघालो. माझी तिथल्याच कंपनीत ड्युटी, पण त्या दिवशी मी दांडी मारली.

छावणीत ओळीनं शेकडो जनावरं. मामीनं डबा उघडला तशा आजूबाजूच्या सगळ्या माना वळल्या. शेजारच्या दावणीला एक म्हातारा होता, लांबून आलेला. त्याच्या बैलांपुढं नुसता ऊस. मामीनं पोळ्यांचे तुकडे करायला घेतले. काकूंनीही पदर खोचला. पाखऱ्या-हौश्याच्या वाट्याला अर्धी-अर्धी पोळी आली, पण ती ओळ सगळी जेवली.

म्हाताऱ्यानं सलीमभाईंना विचारलं, "तुमचे कोणते, भाई?"

सलीमभाईंनी बोट केलं. "वो दोनों. अपने गल्ली के हैं!"

पाऊस त्याही वर्षी आला नाही. दिवाळीच्या आधी मामांनी जोडी विकली. खालच्या अंगाच्या, पाणी असलेल्या गावात दिली म्हणाले. त्यावर आम्ही कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या सांजेला मी आणि सलीमभाई मामांच्या ओट्यावर जाऊन बसलो. करमत नव्हतं. मामा गोठ्याकडं पाठ करून बसलेले. ह्या सांजेला बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले असतात ना! आणि मग त्यांच्या कानात जेवायचं आवतण देतात.

पारूमामी आतून वाटी घेऊन आली. हळद आणि कोमट तूप. मला वाटलं, सवयीनं केलं असेल बिचारीनं. ती मामांच्या मागं बसली.

"सदरा काढा."

"आन कशाला?"

"काढा म्हणते ना!"

मामांनी सदरा काढला. मामी त्यांचे खांदे मळायला लागली. आधी डावा, मग उजवा. सावकाश, दाबून दाबून. सलीमभाई रस्त्याकडं बघायला लागले. मीही.

मळून झाल्यावर मामी वाकली आणि मामांच्या कानात म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मग हात पदराला पुसत ती उठली आणि मामांकडं जरा लांबून बघत म्हणाली, "शिंगं तेवढी रंगवायची राह्यली!"

मामांनी गुमान टोपी काढली आणि डोकं पुढं केलं.