मास्तरांचा उतार, आमचा कल्ला

रामाजी दुकानात आला तेव्हा भरदुपार होती आणि काउंटरवर दोन बायका लुगडी उलगडून बसल्या होत्या. रामाजी म्हणजे आमच्या मधू मास्तरांचा तबलजी. अड्याळला आला की माझ्याकडे चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. त्या दिवशी तो बसला नाही, नुसता काउंटरच्या लाकडावर बोटं आपटत उभा राहिला. मी आपला नेहमीच्या तोऱ्यात विचारलं, "काय दाखवू रामाजी, पैठणी?" तो म्हणाला, "पांढरं कापड दे." मी विचारलं, "किती?" त्याची बोटं थांबली. "मास्तरच्या मापाचं," तो म्हणाला... मी ठाण खाली काढलं, पण कात्री चालेना. शेवटी त्या दोघींतल्या एकीने कापडाचं दुसरं टोक धरलं, तेव्हा कुठे ते फाडता आलं. बाहेर धानाच्या लोंब्या निसवायला लागल्या होत्या. मंडईचे दिवस जवळ आले की मास्तर ऑर्गनच्या भात्याला नवं कातडं लावून घ्यायचे, ते हेच दिवस.

मधुकर हेडाऊ हे नाव दूरच्या वाचकांना ठाऊक असायचं कारण नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई म्हटली की रात्रभराचं नाटक आलं, आणि नाटक म्हटलं की रंगमंचाच्या पुढ्यात खणलेल्या खड्ड्यात ऑर्गन आलाच. पायांनी भाता हाणायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. मास्तरांच्या आधीही ऑर्गनवाले होते, पण ते गाणाऱ्याच्या मागे सूर धरून निमूट बसत. गाणाऱ्या बाईला उलट उत्तर देणारा ऑर्गन आमच्या भागात पहिल्यांदा वाजवला तो मास्तरांनी. नायिकेनं रुसून एक ओळ म्हणावी आणि ऑर्गननं तिची समजूत काढावी, तिनं पुन्हा फणकारावं आणि ऑर्गननं हात जोडावेत, असं चालायचं. खलनायक आला की मास्तरांचा डावा हात असा काही कुरकुरायचा, की तो बिचारा तोंड उघडायच्या आत पब्लिक त्याला शिव्या घालायला लागे. जुन्या ऑर्गनवाल्यांनी नाकं मुरडली, हा पेटी वाजवतो की तमाशा करतो, म्हणाले. लोकांनी मात्र केव्हाच ठरवून टाकलं होतं. नाटकाची गाडी भोंगा लावून गावात फिरायला लागली की पारावरून पहिला प्रश्न यायचा, "ऑर्गनवर कोन हाय?" नटांची नावं नंतर.

आम्ही दोघंही विणकराच्या घरातले. माझ्या घरचे माग बंद पडले, तेव्हा आम्ही दुसऱ्याचं विणलेलं विकायला लागलो. मास्तरांच्या घरचे बंद पडले, तेव्हा ते ऑर्गनवर बसले. मागावर लहानपणी पायांना जी चाल लागली तीच ऑर्गनच्या पायपट्ट्यांना दिली, असं ते सांगायचे. ते खरंच असावं. त्यांचे पाय बोलण्यात, जेवण्यात, अगदी दवाखान्याच्या खाटेवरसुद्धा चालू असायचे. मी शेवटचा भेटलो तेव्हा चादरीखाली ते हलत होते. दम इतका लागलेला, की एक वाक्य दोन तुकड्यांत यायचं. "यंदा अड्याळची मंडई... आपलीच बरं का," एवढं म्हणाले. मी होकार भरला. दोघांनाही खरं काय ते ठाऊक होतं.

पण मला सांगायचं आहे ते उताराबद्दल. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा निघाला, त्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या गावी नाटक होतं. पहाट होत आली होती, निम्मं पब्लिक घोंगडीत पेंगत होतं. बाईंनी शेवटच्या पदाची शेवटची ओळ सोडली, आणि त्यांनी सोडल्या जागेवरून ऑर्गन चढायला लागला. चढत चढत पट्ट्यांच्या अगदी टोकाला गेला. तिथे थांबला... आणि मग उतरला. कसा उतरला, ते मला सांगता येत नाही. तेच तर सगळं दुखणं आहे. एवढंच आठवतं, की शेजारी बसलेल्या एका अनोळखी शेतकऱ्यानं माझा हात घट्ट धरला होता. आमच्यापैकी कुणी हूं की चूं केलं नाही. पुढे काय येणार हे माहीत नव्हतं, म्हणून सगळे गप्प होते. तो शेतकरी म्हणजे कोंढ्याचे भाऊराव. उतार संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "हा मानूस कोन होय बा?" आमची मैत्री तिथून जुळली ती आजवर.

त्यानंतर मात्र पुढे काय येणार ते माहीत झालं, आणि तिथेच घात झाला. मी, भाऊराव आणि तुमसरच्या राईस मिलमधला सुरेश, आम्ही हिवाळाभर मास्तरांच्या मागे गावं पालथी घालायला लागलो. आमच्यासारखे आणखी शेकड्यानं होते. मास्तरांचा हात चढायला लागला की आम्ही उभे राहायचो. ते टोकाला पोचायच्या आत शिट्ट्या, टोप्या हवेत आणि 'वन्स मोर'चा गदारोळ. सुरेशची शिट्टी तर अशी, की मिलचा भोंगा लाजावा. मास्तर मान वर करून हसायचे आणि त्या गदारोळात उतार वाजवायचे. मग वन्स मोर घ्यायचे, पुन्हा चढायचे, आणि आम्ही पुन्हा बोंबलायचो. एकदा चहा पिताना मी तक्रार केली, की मास्तर, हे पब्लिक काही धड ऐकू देत नाही. मास्तर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "तुमीच त पब्लिक हाव ना बाप्पा." आम्ही सगळे खो खो हसलो. 

तेरवीच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, आम्हा तिघांना आणि रामाजीला आतल्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात ऑर्गन होता, वर मास्तरांचाच धुतलेला पंचा अंथरलेला. वहिनी म्हणाल्या, "तुमी ज्याच्यापायी इतके वर्सं फिरले, तो उतार मले एकडाव ऐकवा. म्या ऐकलाच नाई."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. भाऊरावांनी विचारलं, "घरी नाई वाजवत?"

"वाजवाचे, पन तो उतार कधीच नाई. अन् नाटकात आमी बाया मांगं बसाचो. तिथं तुमच्या शिट्ट्याच ऐकू याच्या."

सुरेशनं मोठ्या ऐटीत मोबाईल काढला. "घ्या वहिनी, माह्यापाशी हाय ना!" त्यानं लावलं. बाईंची ओळ आली, ऑर्गन चढायला लागला, आणि टोकाला पोचायच्या आत सुरेशचीच शिट्टी खोलीत घुसली. मग आणखी शिट्ट्या, मग आरडाओरडा... शेवटी पडदा पडल्याचा आवाज. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे त शिट्टी होय, भाऊ." सुरेश ओशाळला, म्हणाला, दुसरं आणतो.

मग आम्ही वेड लागल्यासारखे शोधत सुटलो. मास्तरांना मानणारे जिथे जिथे होते तिथून जुन्या कॅसेटी आणल्या, लग्नाच्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या सीड्या आणल्या, बंद पडलेल्या फोनांतली मेमरी कार्डं आणली. दुकान मी मुलाच्या हवाली केलं आणि कानाला हेडफोन लावून बसलो. प्रत्येक ठिकाणी तेच. बाईंची ओळ स्वच्छ, मास्तरांची चढण स्वच्छ, आणि मग आम्ही. कुठे भाऊरावांचं "वा रे माह्या वाघा", कुठे माझंच भसाडं "वन्स मोर". सुरेशनं नागपूरला एका रेकॉर्डिंगवाल्याला गाठलं. त्यानं शिट्ट्या काढून दाखवल्या, पण त्यांच्याबरोबर ऑर्गनही निघून गेला, मागे नुसती घरघर राहिली. मग ठरवलं, आपल्याला तर पाठ आहे, कुणाकडून तरी वाजवून घेऊ. एकेकानं गुणगुणून दाखवला. तिघांचे तीन उतार निघाले! भाऊराव म्हणाले तुझा खोटा, मी म्हणालो तुमचा खोटा, आणि इतक्या वर्षांची मैत्री गळपट्टी धरण्यापर्यंत आली. शेवटी रामाजीकडे गेलो. तू तर मास्तरांच्या मांडीला मांडी लावून बसायचास, तुला तरी ऐकू आला असेल? रामाजी खाली मान घालून म्हणाला, "बोटं दिसत होते. आवाज नाई. मी बी त अंदाजानंच ठेका धरून राहो."

माणूस गेला, ते मी पांढरं कापड फाडलं तेव्हाच समजलो होतो. पण उतारही गेला, तोही मास्तरांच्या आधी कितीतरी वर्षं, आणि तो आम्हीच आमच्या तोंडांनी गाडला, हे काही केल्या गिळता येईना. देवालासुद्धा आमच्यासारखे भक्त मिळू नयेत. जेवण जाईना, गिऱ्हाईक दिसेना. वहिनींना काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार. शेवटी मागच्या रविवारी आम्ही चौघं मनाचा हिय्या करून गेलो आणि सांगून टाकलं, की उतार कुठेच नाही.

वहिनी उठून आत गेल्या आणि स्वतःचा फोन घेऊन आल्या. "हे मी घेतलं होतं, मांगच्या दिवाईत," त्या म्हणाल्या. "पोरीले धाडाले. थे घरी वाजवून रायले होते. याच्यात त कोनी कल्ला करनारं नाई. तुमीच पाहा, तुमचा उतार हाय का याच्यात."  घरचं वाजवणं, आम्ही कुणी नाही! भाऊरावांनी पटका काढून मांडीवर ठेवला. फोन ऑर्गनवरच्या पंच्यावर ठेवून वहिनींनी लावला.

मास्तर वाजवू लागले. तेच पद, बाईंची ओळही स्वतःच वाजवत होते. मग चढायला लागले.  चढत चढत पट्ट्यांच्या टोकाला गेले, तिथे थांबले... आणि थांबलेच. सूर नाही. फक्त पायपट्ट्यांची खटखट चालू. स्वयंपाकघरात कुठेतरी भांडं वाजलं. मग फोनमधून वहिनींचा आवाज आला, "थांबले काहून?" आणि मास्तरांचा, दमलेला, हसरा आवाज, "इथं पब्लिक कल्ला करते वो. ते केल्याबिगर बोटं उतरत नाईत."

आणि पुन्हा खटखट. मास्तर थांबून होते. घरात पब्लिक नसताना, दम लागत असताना, ते आमच्यासाठी तेवढी जागा सोडून भाता हाणत बसले होते.

वहिनींनी आमच्याकडे बघितलं. "करा ना आता कल्ला," त्या म्हणाल्या.

सुरेशनं दोन बोटं तोंडाशी नेली, पण नुसती हवा निघाली. माझं 'वन्स मोर' निघालंच नाही. फोनमधली खटखट चालूच होती. मग मास्तरांनी थोडी आणखी वाट पाहिली, आणि दुसरं पद सुरू केलं.