आमच्या नगर जिल्ह्याचा एक किलोमीटर समुद्र

सरकारी ऑफिसात फायली तुंबतात, तसे किस्सेही तुंबतात. फरक एवढाच, की चार मित्र भेटले की किस्से तरी निकाली निघतात! मी आपत्ती व्यवस्थापनाच्या टेबलावरचा कारकून. आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही, हे भिंतीवरच्या नकाशातही दिसतं. पण नकाशा बघतो कोण?

*

एकदा वरून मेल आला. किनाऱ्यांचं संरक्षण आणि बीच सुधारणा, सरकारी मदतीसाठी माहिती भरा. 'किनाऱ्याची लांबी?' मी रीतीप्रमाणे 'निरंक' टाकलं. पोर्टल घेईना. शून्य टाकलं, तेही घेईना!

साहेब वैतागले, "अहो, एक टाका आणि मोकळे व्हा! मला व्हिडिओ कॉन्फरन्सला बसायचंय."

टाकला एक किलोमीटर. झाला आम्हाला समुद्र!

*

पुढचा रकाना भरती-ओहोटीचा. जामखेड तहसीलमधल्या मित्राला फोन लावला, तोही त्याच रकान्यावर अडकलेला. म्हणाला, "आमच्याकडं टँकर आला की भरती, गेला की ओहोटी. टाकू का?"

पठ्ठ्यानं खरंच टँकरच्या वेळा टाकल्या. पोर्टलनं हिरवी टिक दिली.

*

मग त्सुनामीची मॉक ड्रिल! फोटो कंपल्सरी. भर उन्हात आम्ही दहा जण केशरी लाइफ जॅकेट घालून शिर्डी रोडला ओळीत उभे. एक गाडी थांबली. आतल्या काकूंनी विचारलं, "दर्शनाची लाइन इथूनच का हो?"

मी नाही म्हणेपर्यंत त्यांच्यातले दोघं मागं उभेसुद्धा राहिले.

*

इथवर आम्ही हसलो. मग हौसाबाई आल्या.

कोल्हारकडच्या. प्रवरेच्या काठावर दोन खोल्यांचं घर, एकट्या राहतात. दर पुरात काठ ढासळतो. मागणी एकच, घराखाली दगडी भिंत बांधून द्या. "साहेब, नदी घरापास्नं दोन हातांवर आलीय. लई भ्या वाटतं."

साहेब म्हणाले, "मावशी, सध्या समुद्राला निधी आहे. नदीला नाही."

मला लाज वाटली राव. आमच्या खोट्या समुद्राला बाकडी आणि छत्र्या मंजूर, आणि या बाईच्या खऱ्या नदीला एक दगड नाही!

*

त्या पावसाळ्यात पुढची खोली गेली. हौसाबाई मागच्या खोलीत राहायला लागल्या. साहेबांनी पाहणी केली ती पुलावरून, गाडीची काचही खाली न घेता. आठवड्याभरानं हौसाबाई पोस्टानं आलेलं पत्र घेऊन ऑफिसात हजर. "वाच रं बाबा," म्हणाल्या.

मी साहेबांसमोरच वाचलं, "पाहणीत सदर घर जागेवर आढळून आले नाही. सबब संरक्षक भिंतीची आवश्यकता उरलेली नाही. प्रकरण निकाली."

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घातली आणि साहेबांकडं वळल्या.

"साहेब, घर न्हाई म्हनता. मंग पोस्टमननं ह्यो कागद कुनाच्या दारात टाकला?"